धुऱ्यावरची पऱ्हाटी आणि कॅन्सरची गोळी

ऑक्टोबरात यवतमाळकडच्या वावरात शिरलं की पऱ्हाटीवर एखादं फूल उमलायचं विसरल्यासारखं दिसतं, पाकळ्या एकमेकींत पिळलेल्या. ही डोमकळी. नखाने उकलली की आत बोंडअळी, अजून पुरती गुलाबीही न झालेली.

२००२ मध्ये बीटी कापूस, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच्याच अंगात तयार करणारा कापूस, आला तेव्हा बोंडअळीचा विषय संपला असं वाटलं होतं. २०१७ च्या हंगामात विदर्भात तीच अळी बीटीची बोंडं पोखरत होती. अळी विष पचवायला शिकली, असं आपण म्हणतो. ती काही शिकत नाही. लाखांत एखादी आधीपासूनच विषाला दाद न देणारी असते. बाकीच्या मेल्या की रान तिचंच.

कॅन्सरच्या गाठीतही हेच घडतं. सेंटीमीटरभर गाठीत कोट्यवधी पेशी, आणि सगळ्या सारख्या नसतात. काहींच्या आवरणावर औषध बाहेर उपसणारे पंप असतात, काहींमध्ये औषध जिथे चिकटतं ते प्रथिनच बदललेलं असतं. भरपूर औषध दिलं की गाठ विरघळते, घरचे पेढे वाटतात, आणि काही महिन्यांनी ती परतते, तेव्हा औषध लागूच पडत नाही.

यावर जुना उपाय म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी औषधं. एकाला चुकवणारी पेशी दुसऱ्याला सापडते. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये १९६० च्या दशकापासून यानेच बाजी पलटली. तिथे समूळ नाशच हवा, हयगय नको.

पण पसरलेला, बरा न होणारा कॅन्सर असेल तर? फ्लोरिडातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरचे रॉबर्ट गेटनबी यांनी किडींकडे पाहून उलटा विचार केला. औषधाने मरणाऱ्या काही पेशी मुद्दाम राहू द्यायच्या. पंप चालवायला ऊर्जा लागते, म्हणून औषध नसताना साध्या पेशीच वरचढ ठरतात आणि चिवट पेशींना जागा मिळू देत नाहीत. प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये अबिराटेरोन हे औषध द्यायचं, रक्तातलं पीएसए (या ग्रंथीचं प्रथिन, त्यावरून आजार किती ते कळतं) निम्म्यावर आलं की थांबवायचं, पूर्वीइतकं चढलं की पुन्हा सुरू. २०१७ मध्ये ११ रुग्णांचे निकाल आले: नेहमीच्या निम्म्याहूनही कमी औषधात आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. अकरा माणसं म्हणजे फार नाहीत, चिठ्ठ्या टाकून गटही पाडले नव्हते. त्यामुळे हे वाचून कुणी आपली गोळी स्वतःहून बंद करू नये. इथे प्रत्येक थांबा रक्ततपासणी पाहून डॉक्टर ठरवतात.

वावरातलं गणित थोडं वेगळं. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या कडेला, बिनविषाची नॉन-बीटी पऱ्हाटी लावायची ती तिथल्या बोंडअळीच्या साध्या पतंगांचा चिवट पतंगांशी संकर व्हावा म्हणून. त्यांची पिल्लं बीटीवर बहुतेक मरतात. कॅन्सरच्या पेशींचं लग्न लागत नाही, तिथे भांडण फक्त जागेचं आणि अन्नाचं.

आमचे काका सरकी फोडत हे सगळं ऐकत होते. बीटीच्या बॅगेसोबत नॉन-बीटीचं १२० ग्रॅमचं पाकीट यायचं, ते त्यांना आठवलं.

"मंग ते पाकीट आपण इतकी वर्सं गुराईच्या कोठ्यात काऊन फेकलं?"