दोन्ही मीठच: एक भट्टीतलं, एक बाटलीतलं

रेअर अर्थ धातूंबद्दल (निओडिमिअम, डिस्प्रोसिअम, इट्रिअम, युरोपिअम ही मंडळी) वाचताना 'आयनिक लिक्विड' हा शब्द आला की बहुतेकांच्या मनात 'म्हणजे वितळवलेला क्षार' एवढंच येतं. ते अगदीच चूक नाही. दोन्ही ठिकाणी पाणी नसतं, नुसते धनायन आणि ऋणायन, म्हणजे धन आणि ऋण भाराचे कण, द्रवरूपात असतात. पण निओडिमिअम काढायला बसलात की या दोन भावंडांची कामं वेगळी असल्याचं कळतं.

घरचं मीठ तव्यावर टाकून बघा. तडतडेल, उडेल, पण वितळणार नाही, त्याला ८०१ अंश सेल्सिअस लागतात. सोडियम आणि क्लोराइडचे आयन लहान, गोल, त्यामुळे एकमेकांना घट्ट धरून रचून बसतात. त्याऐवजी धनायन मोठा, बेढब, लांब शेपटीचा घेतला तर ती रचना नीट बसतच नाही आणि क्षार साध्या हवेतही द्रवच राहतो. पॉल वाल्डेन यांनी १९१४ साली असा एक क्षार नोंदवला होता. एथिल अमोनियम नायट्रेट हा तो क्षार, सुमारे १२ अंशांना वितळणारा. आता १०० अंशांखाली वितळणाऱ्या क्षाराला आयनिक द्रव म्हणायचा प्रघात आहे. ही रेघ माणसाने सोयीसाठी मारलेली, निसर्गात तिथे काही बदलत नाही.

आधी भट्टी. इलेक्ट्रिक गाडीच्या मोटरमधल्या चुंबकासाठी निओडिमिअम धातू लागतो. पाण्यातल्या द्रावणातून वीज सोडून तो मिळत नाही, कारण त्याच्याआधी पाणीच फुटतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे येतात. म्हणून निओडिमिअम फ्लोराइड आणि लिथिअम फ्लोराइड वितळवून त्यात निओडिमिअम ऑक्साइड टाकतात. तापमान साधारण १०५० अंश, आणि ते मुद्दाम तेवढं ठेवलेलं. निओडिमिअम स्वतः १०२० अंशांच्या आसपास वितळतो, त्यामुळे तयार झालेला धातू ऋणाग्रावरून थेंबाथेंबाने खाली गळतो आणि तळाशी गोळा होतो. ग्रॅफाइटचं धनाग्र मात्र झिजत जातं आणि कार्बनचे वायू निघतात. ऑक्साइड कमी पडलं तर कार्बन टेट्राफ्लोराइडसारखा वायूही सुटतो, आणि तापमानवाढीत तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारो पटींनी वाईट.

मग हेच काम बाटलीतल्या थंड आयनिक द्रवात का करू नये? प्रयोगशाळेत करून पाहिलंय, पातळ थर बसतातही. पण थंडीत धातू गळत नाही, घट्ट थर किंवा भुकटी होऊन चिकटतो. द्रव काकवीसारखा दाट, त्यामुळे आयन रखडत पोचतात. शिवाय एवढ्या विद्युतदाबाखाली अनेक आयनिक द्रवांचा धनायन स्वतःच मोडू लागतो. टनावारी धातूसाठी हा रस्ता नव्हे, असं माझं मत.

आयनिक द्रवाची खरी करामत धातू एकमेकांपासून वेगळे काढण्यात आहे. बेटेनपासून बनवलेला एक आयनिक द्रव घ्या (बेटेन हा बीटात सापडणारा पदार्थ, नावही बीटावरूनच आलंय). त्याच्या धनायनावर आम्लाचा गट असतो आणि तो रेअर अर्थची ऑक्साइडं सरळ विरघळवतो. जुन्या ट्यूबलाइटमधल्या भुकटीत लाल रंग देणारं इट्रिअम-युरोपिअम ऑक्साइड असतं. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की हा द्रव तेवढंच उचलतो आणि शेजारची स्वस्त फॉस्फेट भुकटी जवळजवळ तशीच ठेवतो. नंतर ऑक्झॅलिक आम्ल घातलं की दोन्ही धातू साक्यासारखे खाली बसतात, द्रव पुन्हा वापरता येतो आणि साका भाजला की परत लाल चमकणारी भुकटी मिळते.

याच द्रवाची पाण्याबरोबरची गंमत तर डोळ्यांनी दिसते. थंड असताना दोन थर, वर पाणी, खाली आयनिक द्रव. ५५ अंशांच्या पुढे तापवलं की थर नाहीसे होऊन एकच द्रव. त्यात भाजलेल्या चुंबकाची पूड विरघळवून गार केलं की कोबाल्ट वर पाण्यात जातो, निओडिमिअम आणि डिस्प्रोसिअम खाली राहतात. लोखंडही खालीच येतं, ही कटकट आहेच.

आयनिक द्रवाची वाफ जवळपास होत नाही म्हणून त्याला सर्रास 'हरित' म्हणतात, ते मला घाईचं वाटतं. काहींत भरपूर फ्लोरिन असतं, काही पाण्याशी हळूहळू विघटन होऊन हायड्रोफ्लोरिक आम्ल सोडतात, आणि किंमत विचारूच नका.

आणि जुन्या चुंबकातून असा सोडवलेला निओडिमिअम शेवटी हाती येतो तो ऑक्साइडच्या रूपात. धातू हवा असेल तर ती भुकटी पुन्हा त्या १०५० अंशांच्या भट्टीत.