खुली बाजारपेठ (मराठवाडा)

खुली बाजारपेठ : उघड्या आभाळाखाली भरणारी, पण जागा, भाडे आणि शिस्त एकाच चालकाच्या हाती असलेली खरेदी-विक्रीची जागा. मराठवाड्यात तिची मुख्य रूपे चार. खेड्यापाड्यांतला आठवडी बाजार, जनावरांचा बाजार, यात्रेतला बाजार आणि शहरातली आखीव पेठ किंवा गंज. खेड्यात चालक ग्रामपंचायत असते, तालुक्याच्या गावी नगरपरिषद. जनावरांचा बाजार बहुतेक ठिकाणी कृषी उत्पन्न बाजार समिती चालवते. जगात इतरत्र हेच काम मोठ्या कंपन्या करतात. त्या जमीन घेतात, दुकानांच्या गल्ल्या बांधतात, गाळे भाड्याने देतात आणि वर्षानुवर्षे ती जागा चालवतात. दोन्हींकडे विकणारा वेगळा आणि जागा सांभाळणारा वेगळा असतो. बाजार टिकतो की उठतो, हे बहुतेक वेळा या दुसऱ्यावर ठरते. बाजाराबद्दल लिहिणारे मात्र त्याच्याकडे क्वचितच पाहतात.

पूर्वपीठिका

या भागातला व्यापार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले तेर, या दोन पेठांचा उल्लेख आहे. पैठणचे अकीकासारखे खडे आणि तेरचे जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांतून भडोच बंदराला जात असे. पुढे निजामी राजवटीत रेल्वे आली आणि बाजारांचा नकाशाच पालटला. मनमाड ते हैदराबाद हा मीटरगेज मार्ग 1900 मध्ये पूर्ण झाला आणि जालना, परभणी, नांदेड ही कापूस-धान्याची गावे थेट बाहेरच्या गिऱ्हाइकाला जोडली गेली. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरला पोचली. ठोक धान्यबाजार स्टेशनाच्या ओढीने वाढले आणि त्यांना मोंढा हे नाव रुळले. आज जवळजवळ प्रत्येक शहरात जुना मोंढा आणि नवा मोंढा असे दोन भाग सापडतात. किरकोळ खरेदी-विक्री मात्र आठवडी बाजारातच राहिली.

आठवडी बाजार

एका टापूतल्या गावांनी आठवड्याचे वार आपसात वाटून घेतलेले असतात. जवळच्या दोन गावांचा बाजार सहसा एका दिवशी येत नाही. त्यामुळे फिरस्त्या व्यापाऱ्याला रोज कुठला ना कुठला बाजार मिळतो आणि शेतकऱ्याला हप्त्यातून एकदा चालत किंवा गाडीने जाऊन येण्याजोगा. छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरातही ही रीत मोडलेली नाही. छावणीचा बाजार गुरुवारचा आणि जाफरगेटचा रविवारचा, हे तिथल्या माणसाला कॅलेंडर न पाहता ठाऊक असते. मजुरांचा पगार, उधारीचा वायदा, लेकीला माहेरी आणायचा बेत, सगळे बाजाराच्या वारावर बेतलेले असते. शेतमजुराला हप्त्याची मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी सकाळी मिळावी, ही अनेक गावांत न लिहिलेली अट असते. मजुरी थकली तर त्या घरचा बाजार बुडतो, आणि बाजार बुडणे ही लाजेची गोष्ट मानली जाते.

बाजाराची मांडणी वरवर गोंधळाची वाटते, पण ती पक्की असते. माळवं, म्हणजे भाजीपाला, विकणाऱ्यांची ओळ वेगळी, मिरची-मसाल्याची वेगळी, कापडाची पालं वेगळी. बुरडाच्या टोपल्या-सुपं आणि कुंभाराची मडकी कडेला, येण्याजाण्याचा धक्का लागणार नाही अशी. घिसाडी विळे-खुरपी घेऊन बसतात तिथे जागेवर धार लावून मिळते. भज्यांची कढई आणि गोडीशेव-जिलेबीचे दुकान येण्याजाण्याच्या वाटेवर असते, कारण बाजारकरू घरी जाताना लेकरांसाठी पुडा बांधून नेतोच. ज्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे त्याच्या जागेवर दुसरा बसत नाही. तो आठवडाभर आजारी असला तरी शेजारचा आपली पथारी तिकडे सरकवत नाही. हा हक्क कुठल्याही कागदावर नसतो आणि म्हणूनच बाजार दुसऱ्या जागी हलवला की सगळ्यात आधी तोच जातो.

सणांप्रमाणे बाजाराचा रंग बदलतो. पोळ्याआधीच्या बाजारात कासरे, वेसणी, म्होरक्या, घुंगुरमाळा, गोंडे, झुली आणि शिंगांना लावायचा हिंगूळ व बेगड यांचेच राज्य असते. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येच्या आधीचा बाजार तर पाहण्यासारखा. मार्गशीर्ष अमावस्येला घरोघरची माणसे शेतात जेवायला जातात, आणि त्यासाठी लागणारी भज्जी, म्हणजे शेंगा-भाज्यांची मिसळ भाजी, आणि अंबील यांची सगळी तयारी या एका बाजारातून होते. तुरीच्या, वालाच्या, वाटाण्याच्या शेंगा, हरभऱ्याची कोवळी भाजी, चिंच आणि अंबील न्यायला मातीचे बिंदगे. प्लॅस्टिकच्या घागरी आल्या तरी अंबिलासाठी मातीचेच भांडे घेणारी घरे अजून आहेत. बाई बिंदगे कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारते. आवाज खणखणीत आला तर भाजणी चांगली, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे. तीन-चार वाजवून झाल्याशिवाय ती भावाची गोष्ट काढत नाही.

जनावरांचा बाजार

मराठवाड्याच्या दोन गोवंश जाती इथल्या बाजारांनी जपल्या आणि नावारूपाला आणल्या : लातूर जिल्ह्यातल्या देवणी भागातली देवणी आणि नांदेड जिल्ह्यातल्या कंधार भागातली गडद तांबडी लाल कंधारी. देवणीत तोंडाच्या बाजूंना काळा असणारा वानेरा, पूर्ण पांढरा बाळंक्या आणि काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा शेवरा असे प्रकार ओळखले जातात. शेळ्यांत उस्मानाबादी ही मटण व करडांसाठी दूरवर मागणी असलेली जात. उदगीर भागातले हाळी-हंडरगुळी, बीडजवळचे नेकनूर ही नावे जनावरांच्या बाजारासाठी सर्वत्र माहीत आहेत. वार्षिक यात्रांत लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा सर्वांत मोठी. तिथे बैलांसोबत घोडे, गाढवे आणि उंटही विक्रीला येतात आणि यात्रेची व्यवस्था नांदेड जिल्हा परिषद पाहते.

बैल विकत घेणे हा तासाभराचा विधी असतो. आधी दात. अदंत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. दातावरून वय आणि वयावरून उरलेली नांगराची वर्षे मोजली जातात. मग खूर, वशिंड, शेपटीचा गोंडा, अंगावरचे भोवरे. मग चालवून पाहणे. खरेदीदार आणि विकणारा यांच्यामध्ये हेडी, म्हणजे दलाल, असतो. पूर्वी भाव उघड बोलला जात नसे. दोघांचे हात उपरण्याखाली जात आणि बोटे धरून, दाबून रक्कम सांगितली जाई. भोवती उभे असलेल्यांना आकडा कळत नसे, त्यामुळे शेजारच्या बैलाचा भाव त्यावरून पडत किंवा चढत नसे. ही रीत आता विरळ झाली आहे, पण जुन्या बाजारात अजून पाहायला मिळते. सौदा ठरला की बाजार समितीची पावती होते. तिच्यावर जनावराचे वर्णन आणि दोन्हीकडची नावे येतात. जनावर गाडीतून नेताना रस्त्यात हीच पावती दाखवावी लागते.

या बाजाराला गेल्या काही वर्षांत जेवढे धक्के बसले तेवढे भाजीपाल्याच्या बाजाराला बसले नाहीत. दुष्काळात चारा-पाणी संपले की जनावरे एकदम विक्रीला येतात आणि भाव कोसळतात. पाऊस पडल्यावर पेरणीला बैल हवा असतो तेव्हा तोच भाव शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर जातो. विकताना स्वस्त आणि घेताना महाग, या एका फेऱ्यात लहान शेतकऱ्याची जोडी कायमची जाते. ट्रॅक्टरने बैलांची गरज कमी केली. मार्च 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा लागू झाल्यावर कामातून गेलेल्या बैलाला गिऱ्हाईक उरले नाही. जुना बैल विकून त्यात भर घालून नवा घ्यायचा, हा शेतकऱ्याचा हिशोब या कायद्याने मोडला. 2022 मध्ये लम्पी त्वचारोगामुळे राज्यभर जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले. शेळ्या आणि म्हशींचा भाग त्यातून लवकर सावरला.

गंजगोलाई

आखून-रेखून बांधलेल्या पेठेचे मराठवाड्यातले सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे लातूरची गंजगोलाई. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला आणि मधली दुमजली गोल इमारत 1917 मध्ये बांधली गेली. मध्यभागी देवीचे मंदिर आहे आणि सोळा रस्ते येऊन या गोलाला मिळतात. सोने-चांदी, कापड, चपला, मिरची, गूळ अशा एकेका मालाला एकेक रस्ता. कुठल्याही दिशेने शहरात शिरलेला माणूस त्याच गोलात येतो आणि हव्या त्या मालाच्या गल्लीने बाहेर पडतो. मालागणिक गल्ली, चालत फिरण्याची सोय, मध्ये सगळ्यांना दिसेल अशी खूण, हे जे गुण आजच्या व्यापारी संकुलांचे रचनाकार मोठ्या अभिमानाने सांगतात ते लातूरकर शंभर वर्षांहून अधिक काळ वापरत आहेत. गर्दी, हातगाडे आणि वाहने यांनी आज तो गोल गुदमरला आहे. पण रचना इतकी पक्की की शहर चारी बाजूंनी वाढूनही खरेदीला जायचे म्हणजे गोलाईतच, हे बदललेले नाही.

कंपन्यांच्या खुल्या बाजारपेठा

गंजगोलाईनंतर काही वर्षांनी अमेरिकेत कॅन्सस सिटीला जे. सी. निकोल्स यांच्या कंपनीने कंट्री क्लब प्लाझा ही उघड्या रस्त्यांची दुकानपेठ उभारली. ती 1923 मध्ये सुरू झाली. मोटारीने येणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी आखलेल्या सुरुवातीच्या पेठांत तिची गणना होते. 1956 मध्ये मिनेसोटात व्हिक्टर ग्रुएन यांनी रचलेले साउथडेल हे पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित संकुल आले आणि पुढची काही दशके जगभर त्याचीच नक्कल झाली. उघड्या पेठा पुन्हा आल्या त्या मोठ्या ब्रँडांचा शिल्लक माल सवलतीत विकणाऱ्या ‘आउटलेट’ केंद्रांच्या रूपाने. ब्रिटनमध्ये 1995 मध्ये मॅकआर्थरग्लेनचे चेशायर ओक्स आणि व्हॅल्यू रिटेलचे बिस्टर व्हिलेज सुरू झाले. दोन्ही कंपन्या ब्रिटनबाहेर पसरल्या. व्हॅल्यू रिटेलने युरोपातल्या अनेक देशांत आणि चीनमध्ये अशी ‘गावे’ वसवली.

या कंपन्यांचे उत्पन्न बहुधा दोन भागांत येते : गाळ्याचे ठरीव भाडे आणि दुकानाच्या विक्रीतला ठरावीक टक्का. दुकानाची विक्री वाढली तर कंपनीची कमाई वाढते. म्हणून रस्ता झाडणे, सावली, बसायची बाके, स्वच्छतागृहे, गाड्या लावायची जागा, यांवर ती आपणहून खर्च करते.

मराठवाड्यात अशा आंतरराष्ट्रीय कंपनीचा शिरकाव झाला तो बंदिस्त मॉलच्या रूपाने. छत्रपती संभाजीनगरला चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत 2010 मध्ये प्रोझोन मॉल सुरू झाला. प्रोझोन कंपनीत ब्रिटनच्या कॅपिटल शॉपिंग सेंटर्सची भागीदारी होती. त्या कंपनीने पुढे इंटू हे नाव घेतले आणि जून 2020 मध्ये ती कर्जाखाली कोसळली.

हर्रास आणि चालकाची जबाबदारी

आठवडी बाजारावर फी बसवण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 124 ने दिला आहे. बऱ्याच पंचायती आणि नगरपरिषदा ती वसुली स्वतः न करता वर्षाचा हर्रास, म्हणजे लिलाव, करतात. जास्त बोलीचा ठेकेदार रक्कम भरतो आणि वर्षभर पावत्या फाडतो. दुखणे इथेच आहे. ठेकेदाराची कमाई बसणाऱ्यांच्या संख्येवर असते, त्यांच्या विक्रीवर नाही. गिऱ्हाईक आले काय, चिखलाने परतले काय, त्याला फरक पडत नाही. सकाळी पावतीपुस्तक घेऊन फिरणारा माणूस पोत्यावर मेथीच्या दहा जुड्या मांडून बसलेल्या बाईपुढे उभा राहतो तेव्हा बऱ्याचदा तिची भवानीही झालेली नसते.

बोलीतून आलेला पैसा गावाच्या सामान्य खर्चात मिसळतो आणि बाजारतळावर त्यातला फार थोडा परततो. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या या भागात बहुतेक तळांवर सावली नाही. पिण्याचे पाणी विकत घ्यावे लागते. माळवं विकणाऱ्यांत बाया मोठ्या संख्येने असतात, तरीही त्यांच्यासाठी स्वच्छतागृह नसते. पहाटे निघून दिवे लागणीला घरी पोचणाऱ्या या बाया दिवसभर पाणी पिणे टाळतात. बाजाराच्या व्यवस्थेतला हा सर्वांत मोठा अन्याय आहे आणि तो पैशाअभावी नाही, दुर्लक्षाने होतो. शासकीय योजनांतून सिमेंटचे ओटे बांधले गेले. पण ते अनेक ठिकाणी रिकामे दिसतात आणि विक्री रस्त्यावर चालते, कारण ओटे बांधताना गिऱ्हाइकाची वाट कुठून जाते हे पाहिलेले नसते.

राज्याने 2016 मध्ये फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. त्यानंतर शहरांत शेतकऱ्यांनी थेट विक्री करण्याचे बाजार वाढले. खेड्यातल्या आठवडी बाजाराला त्याचा थेट लाभ झाला नाही, कारण तिथे शेतकरी आधीपासून स्वतःच विकत होता. तिथली सुधारणा हर्रासाच्या अटींतून होऊ शकते. बोली पुकारण्याआधी पंचायत अटी ठरवते, आणि दराचा फलक दर्शनी जागी लावणे, टोपलीवाल्यांना फी माफ करणे, बाजाराच्या दिवशी पाण्याचा टँकर उभा ठेवणे, बायांसाठी स्वच्छतागृह उघडे व साफ ठेवणे या अटी त्यात घालता येतात. बोलीतला ठरावीक वाटा तळाच्या डागडुजीसाठी राखून ठेवण्याची मागणी गावकरी ग्रामसभेत करू शकतात.