घरी झालेला मृत्यू आणि निदानाचा कोड : विदर्भातील नोंदींची पार्श्वभूमी

गडचिरोली किंवा यवतमाळ जिल्ह्यातील तोंडाच्या कर्करोगाचा रुग्ण नागपूरच्या दवाखान्यातून 'आता घरीच सेवा करा' हे ऐकून गावी परततो आणि पुढे घरीच दगावतो, तेव्हा त्याच्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. परंतु दवाखान्याच्या फाइलमधील निदान त्या नोंदीपर्यंत पोहोचेलच असे नाही. असे का होते, हे समजण्यासाठी बरेच मागे जावे लागते.

इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातील खेड्यांत जन्म-मृत्यूची खबर कोतवाल पोलीस ठाण्यावर पोहोचवत असे. त्यावरून तयार होणाऱ्या तक्त्यांत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वसनाचे विकार आणि इजा एवढेच ठळक रकाने असत, आणि बाकीचे सगळे 'इतर कारणे' या सदरात जाई. साथ कुठे पसरते आहे हे सरकारला कळणे महत्त्वाचे होते. कोतवालाने निदान करावे अशी अपेक्षाच नव्हती. गळ्याच्या गाठीने महिनोन्महिने झिजून गेलेला माणूस त्यामुळे 'तापा'त किंवा 'इतरां'त जमा होई. या नोंदींच्या वह्यांच्या, म्हणजे कोतवाल बुकांच्या, नकला आज जात पडताळणीसाठी काढल्या जातात. मृत्यूच्या कारणाचा रकाना मात्र क्वचितच कोणी वाचतो.

पॅरिसच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती हाती घेतली आणि केवळ मृत्यूच नव्हे, तर आजारही तिच्यात आले. १९९० मध्ये मान्य झालेली, प्रत्येक आजाराला ठरावीक कोड देणारी तिची दहावी आवृत्ती म्हणजे आयसीडी-१०. भारतात १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याने कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राची तरतूद केली : रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ आणि रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी, अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने द्यावयाचा, नमुना ४-अ.

खरी मेख या नमुन्याच्या भाग १ मध्ये आहे. वरच्या ओळीत तात्काळ कारण लिहायचे आणि खाली उतरत मूळ आजारापर्यंत यायचे, अशी त्याची रचना आहे. खर्ऱ्यामुळे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणामुळे) गालाच्या आतल्या अस्तराचा कर्करोग झालेल्या रुग्णाला शेवटी न्यूमोनिया झाला, तर वर न्यूमोनिया आणि तळाशी कर्करोग येतो, आणि मूळ कारण म्हणून सी ०६.० हा कोड निघतो. फक्त 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिले, तर मूळ आजाराचा मागमूसही उरत नाही, कारण हृदय तर प्रत्येकाचेच शेवटी थांबते. झेड ५१.५ हा पॅलिएटिव्ह केअरचा (बऱ्या न होणाऱ्या आजारात वेदना व त्रास कमी करणाऱ्या सेवेचा) कोड सेवा कोणती दिली हे सांगतो, आजार कोणता होता हे नाही. म्हणून तो मूळ निदानाच्या जागी बसू शकत नाही.

अमेरिकेत या अचूकतेमागे पैसा आहे. तेथील मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याने १९८२ च्या कायद्यान्वये हॉस्पिसचा (आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातील सेवेचा) खर्च उचलायला सुरुवात केली, त्यासाठी रुग्णाचे आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी असल्याचा वैद्यकीय दाखला लागतो, आणि १ ऑक्टोबर २०१४ पासून केवळ 'अशक्तपणा' हे मुख्य निदान असलेली बिले स्वीकारणे बंद झाले. आपल्याकडे घरच्या सेवेला तसे देयकच नाही, त्यामुळे 'म्हातारपण' असे लिहिल्याने कोणाचे बिल अडत नाही.

ही सेवाही आपल्याकडे उशिराच आली. मुंबईत पहिले हॉस्पिस १९८६ मध्ये उभे राहिले. त्याच्या एक वर्ष आधी आलेल्या अमली पदार्थविरोधी कायद्याने वेदनाशामक मॉर्फिन मिळणे इतके कठीण केले की तो २०१४ मध्ये दुरुस्त करावा लागला. राष्ट्रीय पॅलिएटिव्ह केअर कार्यक्रम २०१२ चा आहे.

घरच्या मृत्यूचे कारण शोधण्याची एक वाट मात्र विदर्भातच चोखाळली गेली. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेतील डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, घरच्यांना लक्षणे विचारून बालमृत्यूचे कारण ठरवण्याचे निकष १९९२ मध्ये मांडले. २००१ पासून देशाच्या नमुना नोंदणी पद्धतीतही मृत्यूची अशीच तोंडी चौकशी होऊ लागली. परंतु ती निवडक नमुन्यापुरती असते, गावागावातील नोंदवहीसाठी नव्हे. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्तीने वैद्यकीय संस्थांना आजाराच्या पूर्वेतिहासासह कारणाचे प्रमाणपत्र देणे आणि त्याची प्रत नातेवाइकांना देणे बंधनकारक केले. घरी दगावलेल्या रुग्णासाठी मात्र अजूनही कोणा डॉक्टरने नमुना ४-अ भरून द्यावा लागतो, आणि तो भरताना नागपूरच्या फाइलमधील बायोप्सीचा अहवाल समोर असावा लागतो.