'व्हील', 'चाक' आणि ध्वनींचे नियम

इंग्रजीतील 'व्हील' हा संस्कृत 'चक्र' शब्दाचा अपभ्रंश आहे, असे सांगणारे संदेश समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतात. या दोन शब्दांचे नाते खरे आहे, मात्र ते मायलेकींचे नसून बहिणींचे आहे.

दोहोंचे मूळ भाषाशास्त्रज्ञ इंडो-युरोपीय आद्यभाषेतील (संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी आदी भाषांच्या सामायिक पूर्वज भाषेतील) 'क्वेक्व्लोस' या रूपात मानतात. हे रूप कोठेही लिहिलेले सापडलेले नाही. नंतरच्या भाषांतील शब्दांची तुलना करून ते सिद्ध केलेले आहे. त्यात 'फिरणे' या अर्थाच्या 'क्वेल्' धातूचे द्वित्व झालेले आहे.

जर्मन पंडित याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये मांडलेल्या नियमानुसार जर्मानिक शाखेत, म्हणजे इंग्रजी, जर्मन आदी भाषांच्या शाखेत, मूळच्या प, त, क यांचे अनुक्रमे फ, थ, ह झाले. म्हणूनच 'पितृ'समोर 'फादर' आणि 'त्रि'समोर 'थ्री' उभे राहतात. याच नियमाने 'क्व'चा 'ह्व' झाला आणि जुन्या इंग्रजीत 'ह्वेओल' हा शब्द आला. स्कॉटलंडमध्ये हा 'ह्व' अनेकांच्या उच्चारात आजही ऐकू येतो. जुन्या इंग्रजीत 'ह्वेओगोल' असेही रूप आढळते. त्यातला 'ग' ग्रिम यांच्या नियमात बसत नाही. डेन्मार्कचे कार्ल व्हेर्नर यांनी 1877 मध्ये दाखवून दिले, की मूळ भाषेत लगतच्या आधीच्या अक्षरावर आघात नसेल तर असे व्यंजन घोष, म्हणजे 'ग'सारखे कंठातील कंपनासह उच्चारलेले, होते. ग्रीक 'कुक्लोस'मध्ये आघात पहिल्या अक्षरावर आहे, तर वैदिक 'चक्र'मध्ये शेवटच्या. म्हणजे दोन्ही आघात प्राचीन असावेत आणि जुन्या इंग्रजीत त्या दोहोंच्या खुणा उरल्या. इतका नेमका पुरावा मिळावा, ही मला या शास्त्रातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

संस्कृतमध्ये वेगळेच घडले. 'क्व'मधील 'व' गेला, पुढच्या 'ए'मुळे 'क'चा 'च' झाला आणि त्यानंतर त्या 'ए'चा 'अ' झाला. लॅटिन 'क्वे' आणि संस्कृत 'च', दोहोंचा अर्थ 'आणि', ही जोडीही याच बदलाची साक्ष देते. इंग्रजी शब्द 'चक्र'पासून निघाला असता, तर त्यातला 'ह्व' कोठून आला हे सांगता येत नाही. संस्कृत सर्व भाषांची जननी आहे, हा अभिमानाचा दावा येथेच कोसळतो.

मराठीत 'चक्र'चे प्राकृतात 'चक्क' आणि पुढे 'चाक' झाले, जसे 'सप्त'चे 'सत्त' आणि मग 'सात'. ग्रीक 'कुक्लोस' मात्र लॅटिन आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेला, तेथे 'बायसिकल'मध्ये वापरला गेला आणि 'सायकल' होऊन मराठीत आला.