धूपगडाहून उंच धावपट्टी

बिजासन टेकरीवरून इंदूरची धावपट्टी दिसते. समुद्रसपाटीपासून ती सुमारे ५६५ मीटरवर आहे. पण मे महिन्याच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला की विमानाच्या लेखी तीच धावपट्टी जवळजवळ १६०० मीटरवर जाते, पचमढीच्या १३५२ मीटरच्या धूपगडाहूनही उंच! तापलेली हवा विरळ होते, आणि पंखांना नकाशावरची उंची कळत नाही, हवेची घनता तेवढी कळते.

सेसना १७२ हे चार आसनी विमान साधारण ६५ नॉट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर वेगाने उतरायला येतं. वेगमापकाच्या काट्यावरचा हा आकडा हवेच्या दाबावरून ठरतो. विरळ हवेत काटा ६५च दाखवतो, पण वारा नसेल तर जमिनीच्या हिशेबाने वेग ताशी १३० असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे थांबताना सुमारे १७ टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते.

लांब धावपट्टीवर हे निभावून जातं. मला खरी धास्ती वाटते ती डोळ्यांच्या फसगतीची. जमीन भराभर मागे पळताना दिसली की नवख्या वैमानिकाला वाटतं, आपण फार वेगात आहोत. तो नाक उचलून वेग मारतो. त्यात धावपट्टीच्या रेषेत येण्याचं शेवटचं वळण चुकून पुढे गेलं असेल तर ते घट्ट करण्याचा मोह होतो. ४५ अंश कललेल्या विमानाला हवेत टिकायला सरळ उड्डाणापेक्षा १९ टक्के जास्त वेग लागतो. तो नसला की पंखावरचा प्रवाह सुटतो. यालाच स्टॉल म्हणतात. इतक्या खाली सावरायला उंचीच उरलेली नसते.

काही जण भीतीपोटी उलट जास्त वेग ठेवतात. मग जमिनीलगत हवेचा अडथळा घटतो आणि विमान तरंगतच राहतं. कंटाळून नाक दाबलं की पुढचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं, पुन्हा आपटतं. दर उसळीला जोर वाढतो आणि शेवटी ते चाक मोडतं, नाकावरचा पंखा (प्रोपेलर) जमिनीला लागतो.

पहिल्याच उसळीला पुन्हा उड्डाण घ्यावं. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवणारा दांडा, पूर्ण पुढे, नाक बेताचं, आणि फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या उचल वाढवणाऱ्या पट्ट्या, टप्प्याटप्प्याने मिटायचे. उन्हाळ्यात इंजिनाचाही जोर कमी पडतो, त्यामुळे फ्लॅप एकदम मिटले तर उचल जाते आणि विमान परत खाली बसतं.