जखम भरायला नऊ दिवस जास्त

दुखणं आजाऱ्याचं, सांभाळणाऱ्याची फक्त दगदग, असा माझा समज होता. तो घेऊनच उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एका संशोधन प्रकल्पात दाखल झाले. विषय होता, घरच्या माणसाची शुश्रूषा करणाऱ्यांचं आरोग्य. सांभाळणाऱ्यावर किती भार पडतो हे मोजणारी झारिट यांची 22 प्रश्नांची प्रश्नावली भरून घ्यायची आणि लाळेच्या नळ्या गोळा करायच्या, एवढं माझं काम.

लाळेतून कॉर्टिसोल मोजतात. ताणात वाढणारं हे संप्रेरक जाग आल्यावर अर्ध्या तासात चढतं आणि मग दिवसभर उतरत जातं, म्हणून नळीसोबत उठल्याची वेळ लिहून घ्यावी लागते. एका काकूंच्या कागदावर चार वेळा होत्या : 12:40, 2:15, 3:50, 5:10. यजमानांना स्मृतिभ्रंश. ते रात्री उठून दाराची कडी काढू लागले, की काकूही उठायच्या. "यातलं उठणं कुठलं धरायचं, तूच सांग," त्या म्हणाल्या.

मला सांगता येईना. पण अशा रात्रींचं शरीरात पुढे काय होतं, हे 1995 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात दिसतं. जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या 13 स्त्रिया घेतल्या आणि वय व उत्पन्न जुळणाऱ्या दुसऱ्या 13. प्रत्येकीच्या त्वचेचा 3.5 मिलिमीटरचा गोल तुकडा काढला आणि जखम भरायची वाट पाहिली.

भरली हे ठरवायचं कसं? जखमेचे फोटो काढायचे आणि तिच्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बघायचं. रक्तात आणि पेशींत कॅटालेझ नावाचं विकर असतं. ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून उघडी जखम फसफसते. कातडी मिटली की विकर आत राहतं आणि फेस येत नाही. मला हा प्रयोग इथेच फार आवडला. शाळेतल्या प्रयोगशाळेतलं रसायन, आणि त्यातून मनावरचा ताण मोजला गेला! शुश्रूषा करणाऱ्यांना सरासरी 48.7 दिवस लागले, इतरांना 39.3.

जखम झाली की पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-1 बीटा सोडतात. हा रेणू म्हणजे हाकारा. त्यावर जंतू खाणाऱ्या पेशी धावून येतात, मागून कोलॅजेन विणणाऱ्या येतात. ताणातलं कॉर्टिसोल इथे आड येतं : ते पेशीत शिरून आपल्या ग्राहीला, म्हणजे त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला, चिकटतं, केंद्रकात जातं आणि एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाचं काम दाबतं. हाकाऱ्याचं जनुक चालू करणारं प्रथिन हेच. प्रयोगातही शुश्रूषा करणाऱ्यांच्या पांढऱ्या पेशींना जिवाणूच्या घटकाने डिवचलं, तेव्हा त्यांनी या रेणूचा आरएनए, म्हणजे तो बनवण्यासाठी काढलेली जनुकाची नक्कल, कमी बनवला. स्त्रिया मोजक्याच होत्या, हे खरं. पण फरक स्पष्ट होता.

म्हणूनच अशा घरांना 'प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या' पावडरी विकणाऱ्यांचा मला राग येतो. जे चार वेळा उठल्याने बिघडतं, ते चमचाभर पावडरीने सुधारत नाही. 1999 मध्ये शूल्झ आणि बीच या संशोधकांना वृद्ध जोडप्यांत दिसलं, की जोडीदाराला सांभाळताना ज्यांना ताण जाणवत होता त्यांचा चार वर्षांतला मृत्यूचा धोका, अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा 63 टक्के जास्त होता. सांभाळूनही ताण न जाणवणाऱ्यांत तशी ठळक वाढ आढळली नाही. रात्री दाराशी बसायला दुसरं माणूस मिळणं, हा माझ्या लेखी खरा उपचार.

काकूंच्या चारही वेळा मी तशाच नोंदवल्या. हिशेबात 5:10 धरली, कारण त्यानंतर त्या पुन्हा आडव्या झाल्या नव्हत्या.