स्केट शू आणि स्केट शूसारखा दिसणारा शू: तो जाडजूड रेट्रो जोड घ्यावा का

नव्वदच्या दशकातल्या स्केट शूजसारखे दिसणारे रेट्रो शूज म्हणजे लेसखालची फुगलेली जीभ, घोट्याभोवती गुबगुबीत कॉलर, दोरीएवढ्या जाड लेस, आणि पाय आहे त्यापेक्षा दीडपट मोठा दिसेल असा एकूण आकार. व्हॅन्सचा नू स्कूल घ्या, आदिदासचा कॅम्पस झीरो-झीरोज घ्या, डीसीचे जुने मॉडेल घ्या, सगळे याच घराण्यातले. आणि घ्यायचं मनात आलं की डोक्यात हिशोब असा होतो की हे स्केटबोर्डिंगवाले शूज, म्हणजे टिकाऊ असणारच, आणि एवढे फुगलेत म्हणजे पायाला आरामही असणारच. या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, कारण स्केट शू आणि स्केट स्टाइलचा शू हे दिसायला सख्खे भाऊ असले तरी आतून बरेचदा वेगळे निघतात.

आधी हा फुगवटा आला कुठून ते बघू. स्केटिंगचे पहिले शूज अजिबात जाड नव्हते. व्हॅन्स 1966 साली कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये सुरू झाली, तिचे शूज म्हणजे कॅनव्हास आणि खाली चिकट रबरी सोल, तो बोर्डाला धरून राहायचा म्हणून स्केटर लोकांनी उचलला. 1977 चा ओल्ड स्कूल पण तसा सडपातळच. मग 90 च्या दशकात खेळ बदलला, पोरं जिन्यावरून उड्या मारायला लागली, बोर्ड हवेत गरागरा फिरवायला लागली, आणि तो फिरणारा बोर्ड येऊन आदळायचा कुठे तर पायाच्या वरच्या बाजूला आणि घोट्यावर. तिथे फोम भरणं हे संरक्षण होतं, आणि वर ढगळ पँटचा जमाना, त्यामुळे शू जेवढा मोठा तेवढा भारी दिसायचा. 1994 ला सुरू झालेली डीसी आणि ओसायरिससारख्या कंपन्यांनी हे टोकाला नेलं, ओसायरिसचा डी-थ्री बघितला तर तो शू आहे की अंतराळयान असा प्रश्न पडतो. पुढे स्केटर लोकांनाच वाटलं की एवढ्या गादीतून बोर्ड पायाला कळतच नाही, आणि ते परत पातळ शूजकडे वळले. आज जो फुगवटा परत आलाय तो बहुतेक फॅशनच्या दारातून आलाय, खेळाच्या नाही. यात वाईट काही नाही, फक्त घेताना माहीत असावं.

आता मुद्द्याची गोष्ट. या शूजमधला मऊपणा वरच्या भागात असतो. जीभ आणि कॉलर फोमने भरलेली, पण तुम्ही दिवसभर उभे राहता ते जिभेवर नाही, सोलवर. आणि सोल बऱ्याचदा सपाट रबराचाच असतो, आत पातळसा इनसोल, म्हणजे तळव्याखालची गादी, टाकलेला. दुकानात पाय घातला की वरून सगळीकडून मऊ मऊ दाबलं जातं आणि आपल्याला वाटतं वा काय कम्फर्ट आहे, तो कम्फर्ट अर्ध्या तासाच्या चालण्यात टाचेखाली कुठेच सापडत नाही. लोक याची गल्लत त्या दुसऱ्या जाड प्रकाराशी पण करतात, ज्याला डॅड शू म्हणतात, तो रनिंग शूच्या वंशातला, त्याची जाडी सोलमध्ये असते, खाली फोमचा चांगला थर असतो. लांबून दोन्ही ढब्बूच दिसतात. पण खूप चालायचं असेल, दिवसभर उभं राहायचं काम असेल, तर डॅड शू बरा पडतो, आणि स्केट स्टाइलवाला घ्यायचाच असेल तर सोल नीट बघून.

सोल दोन जातीचे. एक व्हल्कनाइज्ड, यात वरच्या भागाला रबराची पट्टी चिकटवून अख्खा शू भट्टीत शेकतात, सोल पातळ आणि लवचिक होतो, पहिल्या दिवसापासून वाकतो, पण धक्का फार शोषत नाही. दुसरा कपसोल, म्हणजे साच्यातून काढलेली रबरी वाटी, तिच्यात वरचा भाग बसवून कडेने शिवतात, हा जड आणि आधी थोडा कडक, रुळायला वेळ घेतो पण आधार जास्त देतो. ओळखायचं कसं, तर सोलच्या कडेला खोबणीत शिलाई दिसली की बहुतेक कपसोल, पण नख फिरवून बघा, काही शूजवर ती शिलाई नुसती रबरात उमटवलेली नक्षी असते. धागा खरा असेल तर कळतोच.

मग इनसोल उचलून बघा, उचलला जात असेल तर. हे कुणी करत नाही आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. इनसोल जाड आणि टाचेशी चांगला भरलेला असेल तर ठीक, पुठ्ठ्यासारखा पातळ निघाला तर समजा पैसे वरच्या फुगवट्याला गेले. इनसोल निघत असेल तर एक फायदा असा की नंतर चांगला दुसरा टाकता येतो, आणि माझ्या मते नुसत्या दिसण्यावर प्रेम बसलेल्या माणसाला हा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. फक्त दुसरा इनसोल जाड असला तर आतली जागा कमी होणार हे धरून चाला.

टिकाऊपणाचं म्हणाल तर खरा स्केट शू ग्रिप टेपशी भांडायला बनवलेला असतो. बोर्डावर जो सँडपेपरसारखा खरखरीत कागद असतो तो, ऑली, म्हणजे बोर्डासकट उडी, मारताना शूची करंगळीकडची बाजू त्याच्यावर घासत वर जाते, आणि साधा कॅनव्हास तिथे बघता बघता फाटतो. म्हणून तिथे स्वेड, म्हणजे लवदार चामडं, त्याच्या आत रबराचा थर, दुहेरी तिहेरी शिलाई. व्हॅन्सच्या स्केट लाइनमधल्या ओल्ड स्कूलला आतून असा रबरी थर असतो आणि इनसोल पण जाड, साध्या ओल्ड स्कूलला तसं नाही, आणि बाहेरून बघितलं तर दोघांत चटकन फरक सांगता येत नाही. आदिदासचं पण तेच, कॅम्पस झीरो-झीरोज हा फिरायचा शू आणि कॅम्पस एडीव्ही हा बोर्डावरचा. नायकीचं उदाहरण तर गमतीदार आहे, डंक हा 1985 चा बास्केटबॉल शू, 2002 मध्ये नायकी एसबी ही त्यांची स्केटबोर्डिंगची शाखा आली तेव्हा त्याच डंकची जीभ फुगवली, जीभ सरकू नये म्हणून आत इलॅस्टिकचे पट्टे दिले, इनसोलमध्ये झूम एअर, म्हणजे हवेची छोटी गादी, टाकली. म्हणजे तिथे जाड जिभेमागे खरंच काम होतं.

ते इलॅस्टिकचे पट्टे रेट्रो जोडात पण शोधा. जड जीभ चालताना एका बाजूला कलते, वैताग येतो, आणि पट्टे नसतील तर निदान जिभेच्या मधोमध लेस ओवायची जागा तरी असावी.

साइजचं प्रकरण जरा नाजूक आहे. नवीन असताना फोम आतली जागा खातो, पायाच्या वरच्या बाजूला आवळल्यासारखं होतं, आणि माणूस लगेच एक नंबर मोठा उचलतो. हा फोम काही आठवड्यांत दबतो, वरची आवळण जाते, पण लांबी जास्तच राहते, मग टाच उचलली जाते आणि शू चावायला लागतो. त्यामुळे आवळतंय कुठे ते नीट बघा, बोटं पुढे टेकत असतील तर नंबर वाढवा, नुसतं वरून दाबत असेल तर लेस सैल करून बघा. पाय मुळात रुंद असेल तर मात्र फोम दबेल या आशेवर राहू नका, कडेची शिलाई काही सैल पडत नाही. आणि हे शूज सैल लेसमध्येच शोभतात, ते सगळ्यांना माहितीये, पण सैल लेसवर शू पायात राहतो तो फक्त कॉलरच्या भरावामुळे, म्हणून दुकानात तुम्ही जशी लेस ठेवणार तशीच ठेवून चालून बघा, घट्ट बांधून ट्राय करून घरी सैल घातला तर तो वेगळाच शू असतो. टाच धरण्यासाठी बोटं आकसून चालावं लागत असेल तर सोडून द्या, कितीही आवडला असला तरी.

वजन आणि गरमी, यावर फार बोलायला नको, जड आहेत आणि गरम होतात, एवढा फोम भिजला की वाळायलाही वेळ घेतो. स्वेड असेल तर पाणी आणि डाग दोन्हींची भीती, सपाट सोल ओल्या गुळगुळीत फरशीवर सरकू शकतो. आणि खाली निमुळती पँट घालणार असाल तर आरशात एकदा बघाच, हा आकार मोकळ्या ढगळ पँटखालीच बसतो, बाकी ठिकाणी नुसते शूज चालत येताना दिसतात.

मग घ्यावा का? रोज थोडंफार चालणं, बसून काम, बाहेर हिंडणं, आणि कपाटात सैल कपडे आधीच असतील तर बिनधास्त घ्या, त्यातल्या त्यात स्वेडचा, कपसोलवाला, इनसोल निघणारा. दिवसाला मैलोनमैल तंगडतोड असेल तर नको. बोर्डावर चढायचं असेल तर त्याच कंपनीची स्केट लाइन बघा, तोच चेहरा साधारण तिथेही मिळतो.

एक राहिलं. कुणी वीसेक वर्षांपूर्वीचा न वापरलेला ओरिजिनल जोड विकत असेल तर जरा जपून. रबराचं फार बिघडत नाही पण आत पॉलियुरेथेनचा फोम असेल तर हवेतल्या दमटपणाने तो डब्यात पडल्या पडल्याच कुजतो, शू बाहेरून कोरा दिसतो आणि दोन पावलांत सोलचा भुगा होतो. त्यापेक्षा नवीन काढलेला रेट्रो परवडला. तरीही मूळ जोडच हवा असेल तर विकणाऱ्याला सोल हाताने वाकवून त्याचा व्हिडिओ पाठवायला सांगा, टाळाटाळ करायला लागला तर पुढे बोलूच नका.